न संपणारा खेळ

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी रोम येथे कार्लो अकुतिस या तरुणाची संत म्हणून घोषणा केली, आणि तेव्हापासून आपल्या घराघरांत त्याचे नाव एका विशिष्ट कारणासाठी वरचेवर निघू लागले आहे. १२ ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने निधन पावलेला हा मुलगा संगणकविद्येत निष्णात होता आणि पवित्र ख्रिस्तशरीराविषयीच्या चमत्कारांची माहिती त्याने परिश्रमपूर्वक गोळा केली होती, हे वाचकांस ठाऊक आहेच. परंतु आईबापांच्या मनात जी गोष्ट विशेष घर करून राहिली ती निराळीच. कार्लोकडे प्लेस्टेशन होते आणि त्यावर खेळण्यासाठी त्याने आपण होऊन आठवड्याला एका तासाची मर्यादा घालून घेतली होती! मुलाच्या हातून मोबाईल हिसकावून घेताना या एका तासाचा दाखला आता हमखास दिला जातो.

दाखला खरा आहे, आणि उत्तमही आहे. तथापि आज या सदरातून मुलांची थोडी बाजू घ्यावी असे मनात आहे. कार्लो एका तासानंतर जो खेळ बंद करीत असे, तो खेळ आणि आपल्या मुलाच्या मोबाईलमधील खेळ ही एकाच नावाची दोन भिन्न वस्तू झाली आहेत. खेळाचे चित्र सुधारले, आवाज सुधारला, एवढाच हा भेद नव्हे. खेळ करणाराचा धंदाच मुळापासून पालटला. आणि तो कसा पालटला हे कळल्यावाचून, मुलाचा निग्रह कमी पडतो की समोरचा विक्रेता अधिक जोर लावतो आहे, याचा निवाडा आपणांस करता यावयाचा नाही.

कार्लोच्या काळी प्लेस्टेशनचा खेळ म्हणजे एक चकती. दुकानात जाऊन ती पैसे मोजून घ्यावयाची, घरी आणावयाची आणि यंत्रात घालावयाची. चकती विकली गेली की खेळ करणाराचा आणि गिऱ्हाइकाचा संबंध बहुधा तेथेच संपे. घेणाराने ती रोज चार तास चालवावी अथवा कपाटात टाकून द्यावी; विकणाराच्या गल्ल्यात त्याने एका पैचा फरक पडत नसे. खेळाला आरंभ असे, तसा शेवटही असे. पुस्तकाचे शेवटचे पान वाचून ते मिटावे, तसा तो संपवून बाजूस ठेवता येई. किंबहुना गिऱ्हाइकाने हा खेळ लौकर संपवावा आणि दुसऱ्या चकतीसाठी पुन्हा दुकानाची पायरी चढावी, यातच व्यापाऱ्याचे हित होते.

पूर्वीचा धंदा साधुसंतांचा होता असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. १९७२ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने ‘पाँग’ नावाचे नाणे टाकून चालवावयाचे यंत्र काढले, तेव्हापासून या व्यवसायात लोभ आहेच. नाण्यावर चालणाऱ्या यंत्राचा खेळ मुद्दाम अवघड केलेला असे, हेतू हा की खेळणारा लौकर हरावा आणि त्याने दुसरे नाणे टाकावे. पण त्या लोभात एक उघडेपणा होता. नाणे हातात धरावे लागे. खिसा रिकामा झाला की खेळ आपोआप थांबे आणि मुलगा घरी जाई. पुढे घरच्या दूरचित्रवाणीला जोडावयाची यंत्रे आली. त्यांच्यासाठी इतके सुमार खेळ बाजारात ओतले गेले की १९८३ च्या सुमारास अमेरिकेतील हा व्यवसाय पार कोसळला, आणि अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिको प्रांतातील आलामोगोर्डो गावच्या कचराभूमीत पुरून टाकला. २०१४ साली ती जागा उकरली तेव्हा तो खरोखरीच तेथे सापडला! वाईट खेळ करणाराच्याच गळ्यात पडे, एवढा न्याय त्या बाजारात होता.

आपल्याकडे हे सारे उशिरा आणि नकलेच्या रूपाने पोहोचले. १९९० नंतरच्या काळात ज्यांचे बालपण गेले त्यांना गेमची ‘कॅसेट’ आठवत असेल. तिच्यावर ‘९९९९ खेळ’ असे ठळक छापलेले असे, आणि प्रत्यक्षात तेच पाच-दहा खेळ नावे बदलून पुन्हा पुन्हा समोर येत. ती फसवणूकच होती. पण कॅसेट घेताना झाली तेवढीच. एकदा हसून सोडून दिली की ती पुन्हा दुसऱ्या दिवशी दाराशी येत नसे.

आता २००६ हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात कार्लो वारला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील बेथेस्डा कंपनीने ‘ऑब्लिव्हियन’ या आपल्या खेळातील घोड्यासाठी एक चिलखत विक्रीस काढले. किंमत सुमारे अडीच डॉलर. घोडा खोटा, चिलखत खोटे, अडीच डॉलर मात्र खरे. खेळ पूर्ण किमतीला घेतलेल्या लोकांनी या प्रकाराची यथेच्छ टवाळी केली. परंतु टवाळी करणारांहून विकत घेणारे पुरेसे निघाले, आणि व्यवसायाला नवे ज्ञान झाले: खेळ विकून झाल्यावरही गिऱ्हाइकाकडून पैसे घेत राहता येतात. दक्षिण कोरियात ही गोष्ट त्याआधीच कळली होती. तेथील नेक्सॉन कंपनी खेळ फुकट देऊन त्यातील कपडेलत्ते नि हत्यारे विकत असे.

पुढील पायऱ्या भराभर पडल्या. २००८ च्या जुलैमध्ये अॅपल कंपनीने फोनसाठी आपले दुकान उघडले. २००९ च्या ऑक्टोबरात तिने फुकट दिलेल्या खेळाच्या आतही विक्री करण्यास परवानगी दिली. त्या विक्रीत दुकानाचा वाटा शंभरामागे तीस. म्हणजे मालक आणि दुकानदार दोघांचेही लक्ष एकाच गोष्टीकडे लागले. चकतीची किंमत देणे ज्यांना कधीच परवडले नसते अशा कोट्यवधी लोकांच्या हाती खेळ फुकट आला, आणि आपल्या देशात २०१६ पासून मोबाईलचे इंटरनेट स्वस्त झाल्यावर तो खेडोपाडी पोहोचला. गरिबाच्या मुलाला श्रीमंताच्या मुलाच्या बरोबरीने एकाच मैदानात उतरता आले, हा लाभ कमी लेखण्याजोगा नाही.

प्रश्न असा, की फुकट वाटलेल्या वस्तूवर धंदा कसा चालतो? २०१२ साली निघालेल्या ‘कँडी क्रश सागा’ या खेळाचे उदाहरण घेऊ. तो आपल्या वाचक भगिनींपैकी अनेकींच्या परिचयाचा असेल. त्यात खेळणाराला पाच जीव मिळतात. डाव हरला की एक जीव जातो, आणि गेलेला जीव अर्ध्या तासाने परत येतो. पाचही गेले की थांबावयाचे, अथवा पैसे देऊन लगेच पुढे जावयाचे. येथे विकली जाते ती खेळण्याची मजा नव्हे. मजेच्या आड उभा केलेला अडसर दूर करणे, ही विक्रीची वस्तू आहे. अडसर उभा करणारा आणि तो काढण्याचे पैसे घेणारा एकच. अशा धंद्यात अडसर कोठे, कोणत्या क्षणी आणि किती उंचीचा असावा, हेच मुख्य कसब होऊन बसते. आणि त्या कामी कंपनीपाशी चकतीच्या काळी नसलेले एक साधन आहे: खेळ सदैव तिच्या यंत्रांना जोडलेला असल्यामुळे लाखो माणसे कोणत्या पायरीवर कंटाळली, कोठे थबकली आणि कोठे त्यांनी पैसे दिले, याची मोजदाद तिला बसल्या जागी मिळते. त्या मोजदादीनुसार उद्याचा खेळ बदलता येतो.

पैशाचेही रूप पालटते. रुपये देऊन रत्ने अथवा नाणी घ्यावयाची, आणि खेळातील वस्तू मग रत्नांच्या भावाने घ्यावयाची. समजा, हवी असलेली ढाल आठशे रत्नांची आहे. विक्रीस थैल्या आहेत पाचशेच्या आणि हजाराच्या. हजाराची घेतली की दोनशे उरतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून पुन्हा खरेदी! ज्या मुलाला शंभर रुपयांचे मोल नीट कळते, त्याला दोनशे रत्नांचे मोल कळत नाही. आणि ते त्याला न कळणे हेच या रत्नांचे प्रयोजन आहे.

वेळेची गोष्ट याहून खोल जाते. यांतील पुष्कळ खेळ रोजची हजेरी घेतात. पहिल्या दिवशी लहानसे बक्षीस, दुसऱ्या दिवशी मोठे, सातव्या दिवशी सर्वांत मोठे. आणि मध्ये एक दिवस चुकला तर कित्येक ठिकाणी गणना पुन्हा पहिल्यापासून. त्यावर हंगामाचा परवाना असतो. काही आठवड्यांच्या हंगामासाठी पैसे आगाऊ भरावयाचे, आणि मग परवान्यातील वस्तू पदरी पडण्यासाठी रोज नेमून दिलेली कामे करावयाची. हंगाम सरला की न मिळालेल्या वस्तू गेल्या. आधी पैसे द्यावयाचे आणि त्याच वस्तूसाठी वर राबावयाचे, असा सौदा भाजीबाजारात कोणी सुचविला तर आपण त्याला वेड्यात काढू. मुलगा जेवताना सारखा घड्याळाकडे पाहतो तो बहुधा खेळावरील प्रेमामुळे नव्हे. त्याचे ‘काम’ राहिलेले असते.

संत थॉमस अक्विनस यांनी तेराव्या शतकात खेळाविषयी विचार करून ठेवला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शरीराला जशी निद्रा, तसा श्रांत मनाला खेळ हवा, असे त्यांचे सांगणे. आणि त्यासाठी त्यांनी शुभवर्तमानकार संत योहान यांच्याविषयीची एक जुनी गोष्ट दिली आहे. योहान शिष्यांसमवेत खेळत बसलेले पाहून काहींना नवल वाटले. तेव्हा त्यांनी एका धनुर्धराला बाण सोडावयास सांगितले, पुन्हा सांगितले, आणि मग विचारले की तू हे अखंड करू शकशील काय? तो म्हणाला, तसे केल्यास धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच, हे योहानांचे उत्तर. धनुष्याची दोरी सैल करण्यासाठी खेळ असतो. ज्या खेळाची हजेरी, नेमलेले काम आणि मुदत चुकली की दंड, तो खेळ दोरी सैल करीत नाही. शाळेतून आलेल्या मुलाच्या मनाची दोरी तो आणखी ताणतो. म्हणूनच दोन तास खेळून उठलेला मुलगा ताजातवाना न दिसता चिडचिडा दिसतो.

आणि आता पेटीचे प्रकरण. जपानात नाणे टाकून मूठभर आकाराच्या कुपीतले खेळणे काढावयाची यंत्रे पूर्वापार आहेत. आत कोणते खेळणे आहे ते उघडल्यावरच कळते. हीच युक्ती मोबाईलवर आली. पैसे देऊन बंद पेटी घ्यावयाची, तीत दुर्मीळ वस्तू निघाली तर नशीब. ठराविक वस्तूंचा संच पुरा केल्यावरच मोठे बक्षीस, अशी तिची सर्वांत जहाल तऱ्हा जपानी सरकारने २०१२ च्या मे महिन्यात बेकायदा ठरविली. २०१७ च्या नोव्हेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीच्या ‘स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २’ या खेळातील पेट्यांवरून मोठा गहजब झाला, आणि २०१८ साली बेल्जियमच्या द्यूतनियंत्रण आयोगाने पैशाने घेतलेली अशी पेटी म्हणजे जुगार होय, असा निर्णय दिला. सर्व देश त्या मताचे नाहीत. नेदरलँड्समध्ये याच कंपनीला झालेला एक कोटी युरोंचा दंड तेथील वरिष्ठ न्यायपीठाने २०२२ साली रद्द केला.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत जितकी सांगितली जाते तितकी कठोर नाही. नशिबाचा खेळ स्वतःच पाप आहे असे धर्मशिक्षणग्रंथ म्हणत नाही. त्यापायी माणूस आपल्या किंवा इतरांच्या गरजेला मुकत असेल तर तो अयोग्य, आणि त्याचा नाद दास्यात नेऊ शकतो, असे तो बजावतो. परंतु ही कसोटी आपल्या पैशावर ज्याची सत्ता आहे अशा प्रौढाला उद्देशून आहे. दहा वर्षांच्या मुलाला स्वतःची मिळकत नाही आणि संभवनीयतेचे गणित अद्याप शिकविलेले नाही. त्याच्यापुढे अशी पेटी ठेवणे हे माझ्या मते फेरीतील चक्रीवाल्याच्या कृत्याहून हीन आहे. कारण चक्रीवाला निदान मुलाच्या डोळ्यांदेखत चक्री फिरवितो.

या धंद्याचा न्यायालयीन लेखाजोखा पाहावयाचा तर ‘फोर्टनाइट’चे प्रकरण पुरेसे बोलके आहे. २०१७ च्या सप्टेंबरात फुकट वाटलेल्या या खेळाने एपिक कंपनीला अमाप द्रव्य मिळवून दिले. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी तडजोड करून तिला ५२ कोटी डॉलर देणे मान्य करावे लागले: २७ कोटी ५० लाख मुलांच्या खासगी माहितीच्या कायद्याचा भंग केल्याबद्दल, आणि २४ कोटी ५० लाख गिऱ्हाइकांना परत देण्यासाठी. आयोगाचे आरोप मुळातून वाचण्याजोगे आहेत. खेळ झोपेतून जागा होत असताना अथवा वस्तू नुसती पाहत असताना एक कळ चुकून दाबली गेली तरी पैसे कापले जात. २०१८ पर्यंत आईबापांच्या संमतीवाचून मुले एका कळीसरशी खरेदी करू शकत. ज्यांनी बँकेकडे तक्रार करून पैसे अडविले, त्यांची खातीच बंद करण्यात येत. डिसेंबर २०२४ पासून परतावे निघू लागले. हीच कंपनी २०२० च्या ऑगस्टपासून अॅपलविरुद्ध दुकानदारीतील अन्यायाचा दावा लढत होती, हे येथे नमूद केलेले बरे. तिच्या त्या दाव्यात तथ्य होते, पण न्यायाची चाड सर्व दिशांना सारखी असतेच असे नाही.

या व्यवसायात एक शब्द रूढ आहे. खेळणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक काहीच देत नाहीत, थोडे लोक थोडे देतात, आणि उत्पन्नाचा मोठा वाटा मूठभरांकडून येतो. या मूठभरांना जुगारगृहांच्या बोलीतून उचललेले ‘व्हेल’, म्हणजे देवमासा, असे नाव आहे. देवमासा धनाढ्य असेलच असे नाही. तो एकाकी असू शकतो, आजारी असू शकतो, बापाचे कार्ड हाती लागलेला मुलगाही असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर नादाला आपल्या रोगसूचीत स्थान दिले असून ती सूची जानेवारी २०२२ पासून लागू झाली. अर्थात रोज तासभर खेळणारा प्रत्येक मुलगा रोगी नव्हे. झोप, अभ्यास, घरची माणसे या साऱ्यांना मागे सारून हा नाद सामान्यतः वर्षभर टिकला, तरच वैद्य तसे म्हणतात.

विकत घेतलेला खेळही आता निश्चितपणे आपला राहत नाही. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी आपल्या बाजूने बंद केला, त्यासरशी पैसे मोजलेल्यांच्या हाती नुसते डबे उरले.

मग चकतीच्या काळचा सरळ व्यवहार आता अशक्य आहे काय? मुळीच नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतकामाचा खेळ एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने कित्येक वर्षे एकट्याने खपून २०१६ साली प्रसिद्ध केला. एकच किंमत, आत दुकान नाही, पेटी नाही, पुढे घातलेली भरही विनामूल्य. त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. बेल्जियममधीलच लारियन कंपनीचा ‘बाल्डर्स गेट ३’ हा २०२३ मधील खेळ असाच एकरकमी किमतीला निघून गाजला. ‘लोकांना हेच हवे असते’ असे जे कारखानदार म्हणतात, त्यांना ही दोन नावे सांगावी.

आपल्या देशाच्या कायद्याकडे येऊ. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याचा मुख्य रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे, आणि त्यात बुडालेली कुटुंबे पाहता तो रोख योग्यच. पण रत्ने आणि पेट्या घेणाऱ्या मुलाला पैसे जिंकावयाचेच नसतात. त्याला ढाल हवी असते. त्यामुळे त्याच्या रक्षणाचा भार पुष्कळसा घरावरच राहतो. पब्जीवर २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी आली. तिच्या जागी आलेला बीजीएमआय हा खेळही मध्यंतरी बंद होऊन मे २०२३ मध्ये परतला, तेव्हा अठरा वर्षांखालील मुलांसाठी मर्यादा ठेवण्यात आली ती रोज तीन तासांची. आठवड्याचे एकवीस तास! चीनने २०२१ साली मुलांना शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ दिला. असा हुकूम आपल्या लोकराज्यात निघावा असे मी म्हणणार नाही, पण बाप हुकूम काढीत नाही तेथे कंपनीचा हुकूम चालतो, एवढे खरे.

तेव्हा मुलावर रागावण्याआधी त्याच्या शेजारी अर्धा तास बसून खेळ पाहावा, आणि त्याला तीन गोष्टी विचाराव्या: हा खेळ संपतो काय? एक दिवस न खेळल्यास काही बुडते काय? आतील वस्तू रुपयांत मोजतात की रत्नांत? मुले याची उत्तरे फार चोख देतात. मोबाईलमध्ये खरेदीपूर्वी पासवर्ड मागण्याची सोय असते, ती सुरू करावी आणि तो पासवर्ड मुलाच्या जन्मतारखेचा नसावा. बँकेचे कार्ड खेळाच्या खात्यात साठवून ठेवू नये. पैसे गेलेच, तर त्याच दिवशी मोबाईलच्या दुकानाकडे परताव्याची मागणी नोंदवावी. उशिराने ती बहुधा फेटाळली जाते. आणि खेळाकडून येणाऱ्या सूचना, ज्यांना मुले नोटिफिकेशन म्हणतात, त्या साऱ्या बंद कराव्या. मग खेळ मुलाला हाक मारीत नाही. मुलाला वाटेल तेव्हा तो आपण होऊन जातो. पहिला आठवडाभर घरात थोडी कटकट होईल, हजेरी बुडाल्याबद्दल रडारडही होईल. ती होऊ द्यावी.